घामोळं : लावायचं कमी, काढायचं जास्त

मे महिन्यातली दुपार. सेवाग्रामच्या अलीकडचं एक गाव. दाराला ओलं गोणपाट लावलेलं, आत बाळंतिणीची खोली. बाळाला वारं लागू नये म्हणून खिडकी बंद. बाजेवर मेणकापड, त्यावर गोधडी आणि गोधडीवर तीन आठवड्यांचं लेकरू. अंगात झबलं, डोक्याला टोपडं, कमरेला करदोडा, गळ्यात काळा दोरा. आजीने हळूच बाळाची हनुवटी वर केली आणि मानेची घडी उघडून दाखवली.

"पाहा न जी बाई, कसं लाल लाल आलं! मले वाटते, माता निघाली."

माता, म्हणजे गोवर-कांजिण्या, नव्हती; घामोळं होतं. इकडे त्याला घामोया म्हणतात. आजीने त्यावर डब्यातली पावडर थापली होती, त्याआधी खोबरेल चोळलं होतं आणि गावातल्या मेडिकलमधून आणलेली एक ट्यूबही उशाला तयार होती. त्या खोलीतली एकूण एक वस्तू मायेपोटी जमली होती, आणि घामोळं आलं होतं ते त्याच वस्तूंमुळे.

तान्ह्या बाळाचं घामोळं हा निरुपद्रवी त्रास. नीट ओळखलं, तर बहुतेक वेळा औषधाशिवाय जातं. पण त्यासाठी घरातल्या मोठ्यांना जड जाणारी एक गोष्ट करावी लागते. बाळाला आणखी काही लावण्याऐवजी, आधीचं असलेलं काढावं लागतं.

घामोळं येतं कसं?

घामाच्या ग्रंथी माणूस जन्मतानाच घेऊन येतो. मोठ्या माणसाच्या अंगावर त्या २० ते ४० लाख असतात, आणि जवळपास तेवढ्याच त्या बाळाच्या एवढ्याशा कातडीवर दाटीने बसलेल्या असतात. या ग्रंथींपासून कातडीपर्यंत घाम आणणाऱ्या नळ्या मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत पुरत्या तयार झालेल्या नसतात. उकाडा वाढला, कपड्यांनी अंग झाकलं, घाम उडून जायला जागा मिळाली नाही, की कातडीचा वरचा थर ओलसर होऊन फुगतो आणि नळीचं तोंड बंद होतं. मागून घाम येतच राहतो. तो नळी फोडून कातडीतच पसरतो. त्याची जी पुळी होते, ते घामोळं.

नळी अगदी वरच्या थरात बंद झाली, तर दवबिंदूंसारखे पारदर्शक थेंब दिसतात. लाली नाही, खाज नाही, बोट लागलं तरी फुटतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांच्या बाळाच्या कपाळावर, मानेवर, छातीवर हे येतात आणि अंग गार राहिलं की एक-दोन दिवसांत जातात. नळी थोडी खोल बंद झाली, तर बारीक, लालसर, खाजरे दाणे येतात. आपण एरवी ज्याला घामोळं म्हणतो, ते हेच. मानेच्या घड्या, काखा, पाठ, जांघा आणि झबल्याची नाडी किंवा लंगोट घट्ट बसतो ती जागा, ही त्याची ठरलेली ठिकाणं. या दाण्यांच्या टोकाशी कधी पांढरट ठिपका येतो. असे ठिपके वाढू लागले, तर मात्र ते दाखवून घ्यावेत. त्याबद्दल पुढे.

वर्धा जिल्ह्यात याचे दोन हंगाम. पहिला एप्रिल-मेचा. पारा ४५ अंशांना टेकतो, आणि नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की रात्रीही भिंती गरम राहतात. दुसरा हंगाम पावसाळ्याच्या तोंडाचा, आणि तो जास्त फसवा. पारा उतरलेला असतो, माणसं सुटकेचा श्वास टाकतात, पण हवेत इतका ओलावा असतो की अंगावरचा घाम वाळतच नाही. "ऊन तर संपलं, मग आता घामोळं कसं?" असं आया विचारतात ते याच दिवसांत.

डोळ्यांनी पाहा, बोटांनी खात्री करा

पुस्तकांतल्या फोटोंत घामोळं गोऱ्या कातडीवर लालभडक दिसतं. आपल्या सावळ्या बाळाच्या अंगावर ती लाली तशी दिसेलच असं नाही. दाणे तपकिरी, काळपट किंवा नुसते खरबरीत दिसतात. म्हणून उजेडाकडे तिरपं धरून पाहा आणि बोटाचं टोक हलकेच फिरवा. रव्याच्या कणांवरून बोट गेल्यासारखं वाटलं, दाणे घामाच्या आणि घड्यांच्या जागी असले, तळहात-तळपाय मोकळे असले, बाळ नीट पीत असलं आणि ताप नसला, तर ते घामोळंच असण्याची शक्यता मोठी.

आणखी एक सोपी पारख म्हणजे एक दिवस बाळाला गार, मोकळं ठेवून पाहणं. घामोळं असेल, तर २४ तासांत फरक दिसू लागतो.

दुसरं काही तर नाही?

बाळाच्या अंगावर पहिल्या महिन्यात बरंच काही येतं-जातं, आणि त्यातलं बहुतेक आपोआप जातं. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाल चट्टे आणि त्यांच्या मधोमध पिवळसर दाणा दिसतो. सकाळी पोटावर, संध्याकाळी पाठीवर. पूर्ण दिवसांच्या जवळपास निम्म्या बाळांना हे होतं. नाव मोठं, एरिथेमा टॉक्सिकम, पण त्यात विषारी काही नाही. एक-दोन आठवड्यांत ते मावळतं. नाकावर मोहरीपेक्षा बारीक पांढरे दाणे असतात. ते पिळू नयेत, काही आठवड्यांत झडतात. ढुंगणावर, कमरेवर निळसर डाग असतात. तो मार नव्हे, रोग नव्हे आणि ग्रहणाचाही त्याच्याशी संबंध नाही. वर्षा-दोन वर्षांत ते फिके होऊ लागतात.

पुढच्या गोष्टी मात्र घामोळं समजून घरी ठेवू नयेत. जांघेत चकचकीत लाल, कडा ठळक आणि भोवती सुटे दाणे असतील, तर बहुधा बुरशी असते. तळहात, तळपाय, बोटांच्या बेचक्यांत पुळ्या आणि घरातली बाकीची मंडळीही रात्री खाजवत असतील, तर खरूज. ताप आणि अंगभर पाण्याने भरलेले फोड, काही ताजे तर काही खपली धरलेले, असं असेल तर कांजिण्या. गाल कोरडे पडून ओलसर होणं, पुन्हा खरबरीत होणं आणि हे महिनोन्‌महिने चालणं, हा इसब. आणि लाल-जांभळे ठिपके काचेच्या पेल्याने दाबूनही फिके होत नसतील, तर लगेच दवाखाना गाठायचा.

आधी काढा

घामोळ्याच्या उपायाची सुरुवात बाळाच्या अंगापासून होते आणि शेवट छपरापाशी.

*कपडे.* उन्हाळ्यात घरात असताना टोपडं, मोजे आणि कुंची यांना सुट्टी द्या. बाळाची बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर जाते, ती वाट झाकू नका. एक सैल, बिनबाह्यांचं सुती झबलं पुरे. दुपारी नुसतं लंगोटावर ठेवलं तरी चालतं. सेवाग्राम खादीचं गाव, म्हणून कोणी हौसेने नव्या खादीचं झबलं शिवतं. खादी चांगलीच, पण कोरी खादी जाडसर असते आणि तिच्यातली खळ कातडीला बोचते. चार-सहा धुण्यांत ती मऊ होते. आजोबांचं जुनं धोतर किंवा आजीचं विटलेलं सुती लुगडं याहून बाळाला चांगलं कापड बाजारात मिळत नाही. नायलॉनच्या साडीची झोळी मात्र नको. तिच्यात हवा खेळत नाही.

*दोरे.* गळ्यातला दोरा आणि ताईत घाम धरून ठेवतात, आणि तान्ह्याच्या गळ्यात कुठलाही दोर असणं फासाच्या दृष्टीनेही धोक्याचं. आजीचं मन मोडायचं नसेल, तर एक तोडगा आहे. दोरा पाळण्याच्या दांडीला बांधा, बाळाच्या हाताला सापडणार नाही एवढ्या उंचावर.

*अंथरूण.* बाळाच्या पाठीखालचं मेणकापड काढा. गादी भिजू नये म्हणून ते घालतात, पण सगळा घाम त्यावरच साचतो. त्याऐवजी सुती दुपट्याच्या दोन घड्या टाका आणि भिजल्या की बदला. डायपर फक्त प्रवासात किंवा रात्री, आणि तोही दर तीन-चार तासांनी बदलून. बाळाला उताणंच झोपवा आणि थोड्या थोड्या वेळाने कडेवर घ्या, म्हणजे पाठीला हवा लागते.

*खिडकी.* बाळंतिणीची खोली कोंदट ठेवायची चाल थंडीच्या दिवसांतून आली असावी. विदर्भाच्या मे महिन्यात तीच चाल बाळाला भाजून काढते. भर दुपारी झळा आत येतात तेव्हा खिडकीवर ओला पडदा लावा, पण पहाटे आणि संध्याकाळी हवा आरपार खेळू द्या. शेक-शेगडी आणि धुरी या दिवसांत बंदच ठेवा.

*कूलर.* इथे बहुतेक घरांचं चुकतं. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, म्हणजे खोलीत ओलावा भरतो. तो बाहेर पडायला वाट हवी. खिडक्या-दारं घट्ट लावून कूलर चालवला, तर तासाभरात खोली दमट होते आणि घामोळं वाढतं. म्हणून समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा आणि झोत थेट बाळावर न सोडता भिंतीकडे वळवा. मृग लागून हवा ओली झाली की कूलरचं पाणी बंद करा, पंखा पुरे. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, नाहीतर घामोळं जाईल आणि डेंग्यूचे डास येतील. घरात एसी असेल, तर तो २६ ते २८ अंशांवर ठेवा. दीड-दोन किलोच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं गणित वेगळं असतं. ते पटकन गारठतं. त्याचे कपडे किती काढायचे, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

*छप्पर.* ज्यांनी सेवाग्रामची बापूकुटी पाहिली असेल, त्यांना हे सांगायला नको. बांबू, माती आणि कौलं, खाली उतरलेली वळचण, भोवती ओसरी. बाहेर ऊन रणरणत असतानाही आत शिरल्यावर जिवाला बरं वाटतं. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. आजूबाजूला मिळणाऱ्या सामानातूनच हे आश्रमाचं घर उभं राहिलं. आज गावोगावी पत्रा आणि स्लॅब आले, पण सावलीचं तंत्र तेच आहे. पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर टाका, फक्त चूल आणि विजेच्या तारांपासून तो लांब असू द्या. स्लॅबला चुन्याचा पांढरा हात द्या. बाळाची बाज दुपारी पत्र्याखालून काढून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात न्या. मग तो कोपरा देवघराशेजारचा असो, नाहीतर धान्याच्या कोठीपाशी.

अंघोळ आणि दूध

दिवसातून एकदा-दोनदा साध्या पाण्याने अंघोळ पुरेशी. साबण लावायचाच तर सौम्य, आणि रोज नाही. एक खबरदारी मात्र घ्या. मे महिन्यात स्लॅबवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. नळाखाली बाळ धरण्याआधी पाणी बादलीत घ्या आणि कोपर बुडवून पाहा. कोपराला गरम नाही, गार नाही असं लागलं, तर ते बाळासाठी बरोबर. फ्रिजचं किंवा बर्फाचं पाणी वापरू नका.

अंग चोळून पुसू नका. मऊ कापडाने टिपून घ्या. मानेची, काखेची, जांघेची प्रत्येक घडी उघडून टिपा आणि दोन मिनिटं हवा लागू द्या. दूध ओघळून मानेच्या घडीत साचतं. प्रत्येक पाजण्यानंतर ते ओल्या फडक्याने पुसून कोरडं केलं, तर मानेचं निम्मं घामोळं तिथेच थांबतं. नखं कापा, म्हणजे खाजवून जखमा होणार नाहीत.

आणि पाणी? सहा महिन्यांपर्यंत, मेच्या उन्हातही, बाळाला वरचं पाणी, ग्लुकोज किंवा गुटी द्यायची नाही. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. उकाड्यात बाळाला जास्त वेळा छातीशी घ्या आणि आईला भरपूर पाणी, ताक प्यायला द्या. दिवसाला सहा-आठ वेळा लंगोट ओला होत असेल, तर बाळाला पाणी पुरतं आहे.

काय लावू नये

तेल आणि जाड क्रीम बंद पडलेल्या नळ्यांवर आणखी झाकण घालतात. मालीश बंद करायची नसेल, तर घामोळं जाईपर्यंत मान, पाठ आणि घड्या सोडून द्या, तेल थोडंच घ्या आणि अंघोळीत धुऊन काढा. पावडरीचा घामात भिजून घडीत चिकट लगदा होतो आणि तिची धूळ बाळाच्या फुप्फुसात जाते. मोठ्यांच्या घामोळ्यांच्या गार वाटणाऱ्या पावडरी तर तान्ह्याला वापरूच नयेत.

कापूर तेलात घालून चोळायची सवय काही घरांत आहे. कापूर कातडीतून अंगात शिरतो आणि बाळाला झटके येऊ शकतात. बोरिक पावडरही सोललेल्या कातडीतून शोषली जाते आणि विषबाधा करते. बेसन-हळदीचं उटणं आधीच चिडलेल्या कातडीला खरडतं. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ घालणाऱ्यांशी मी भांडत नाही, फक्त पाणी नीट गाळून घ्या. पण निंबाचं तेल बाळाच्या तोंडात एक थेंबही जाता कामा नये. त्याने मेंदूला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

राहिली ती उशाशी ठेवलेली ट्यूब. दुकानातून न विचारता आणलेल्या अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी खिचडी असते. स्टेरॉइडमुळे लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून घरचे खूश होतात. पण बाळाची कातडी पातळ. घडीत आणि डायपरखाली तर औषध कितीतरी जास्त शोषलं जातं. कातडी झिजते, बुरशी असेल तर ती दबून आत फोफावते, आणि फार दिवस वापरलं तर बाळाच्या वाढीवरही परिणाम होतो. अशी ट्यूब डॉक्टरांनी बाळ पाहून, किती दिवस लावायची हे सांगून दिली, तरच वापरा. खाज फारच असेल, तर ते कॅलामाइनसारखं साधं लोशनही सुचवू शकतात.

दवाखान्यात केव्हा जायचं?

घामोळं तीन-चार दिवसांत कमी न होता वाढत असेल, तर दाखवा. पुढच्यापैकी एक जरी गोष्ट दिसली, तर त्याच दिवशी, त्याच वेळी निघा.

– पिवळ्या पुवाच्या पुळ्या दहा किंवा त्याहून जास्त, किंवा एखादं मोठं गळू. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ही गंभीर जंतुसंसर्गाची खूण धरतात. पुळ्या दहापेक्षा कमी असल्या, तरी घरी न फोडता आशाताईंना किंवा नर्सबाईंना दाखवा.

– काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त. उकाड्यामुळे वाटत असेल, तर कपडे काढून, सावलीत घेऊन १५-२० मिनिटांनी पुन्हा मोजा. तरी उतरलं नाही, तर निघा. बाळ सुस्त असेल, तर तेवढंही थांबू नका.

– दूध ओढत नाही, हलवल्याशिवाय हालचाल करत नाही, झटके येतात.

– शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजलेला श्वास ६० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो.

– सहा-आठ तासांत लंगोट ओला झालेला नाही.

हे सगळं एकट्या आईने लक्षात ठेवायचं नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पाहायला आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. या भेटींची मुळं विदर्भातच आहेत. डॉ. राणी बंग आणि सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत शिकलेले डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत घरी जाऊन नवजात बाळं जपण्याची पद्धत उभी केली, १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि २०११ पासून देशभर आशांकडे हे काम आलं. तेव्हा आशाताई आल्या की बाळाला सजवून दाखवू नका. कपडे काढून, घड्या उघडून दाखवा. सेवाग्रामच्या आसपास राहणाऱ्यांना कस्तुरबा रुग्णालय जवळ आहे. चाळीसच्या दशकात डॉ. सुशीला नायर यांच्या हाताखाली बायका-मुलांसाठी १५ खाटांवर सुरू झालेला हा दवाखाना १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. लांबच्या गावांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय आहे. रात्री-अपरात्री १०८ किंवा १०२ वर फोन करा.

त्या आजीच्या घरी मी आठवड्याने पुन्हा गेले. खिडकी उघडी होती. मेणकापड अंगणात वाळत असलेल्या पापडांखाली गेलं होतं आणि टोपडं खुंटीला टांगलेलं होतं. बाळाच्या मानेवरून बोट फिरवलं, एकही दाणा लागला नाही. काळा दोरा मात्र शोधावा लागला. तो पाळण्याच्या दांडीला, उंच बांधलेला होता. मी तिकडे पाहते आहे हे आजीच्या लक्षात आलं.

"असू द्या जी," ती म्हणाली, "आता नजर लागली त पाळण्याले लागन."